पक्कं घर

हर्षलाने फोटो काढायला मोबाइल वर केला आणि तसाच खाली घेतला. समोर घर होतं, पण घराची डावी भिंत नव्हती. आतली चूल, फळीवरची भांडी, दोरीवर टाकलेल्या गोधड्या, सगळं अंगणातूनच दिसत होतं. वैशाखातला वारा सरळ आत शिरून चुलीतली राख उडवत होता.

"मावशी, भिंत पडली?"

"पडली नाय, पाडली," मोतीबाई म्हणाली. "ह्यांनी आन् मी. दोन दिस लागले. कारवी जुनी, पण बांध लय घट्ट व्हते."

"पाडली? का?"

"का म्हून काय इचारतेस, ताई? मागल्या टायमाला घर पक्कं निघालं ना आमचं." मोतीबाईने पदराने तोंड पुसलं आणि काळजीने विचारलं, "येवढं कच्चं चालंल ना? का मागली भिंत बी पाडायला पायजे?"

हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत. हर्षला मोबाइलची काच पदराला उगाचच पुसत राहिली.

सात वर्षांपूर्वी घरकुलाची यादी करायला हर्षलाच आली होती. आली होती म्हणजे काय, कशेळ्याहून निघून वाडीच्या पायथ्यापर्यंत आली होती. प्रत्येक घरी जायचं, घर डोळ्यांनी बघायचं आणि मगच कागदावर खूण करायची, असा नियम होता. पण कंत्राटी नोकरी नवी, पायातल्या चपला नव्या, चढण अर्ध्या तासाची आणि वर ऊन मी म्हणत होतं. मग हर्षला बाईसाहेबांनी खालच्या शाळेच्या ओट्यावर बस्तान मांडलं आणि वाडीतल्या बायकांना तिथेच बोलावून घेतलं. एकेकीला विचारलं, घर कच्चं की पक्कं? बाकीच्या 'कुडाचं' म्हणाल्या. मोतीबाईने मात्र मान वर करून सांगितलं होतं, "पक्कं हाय."

त्याच आठवड्यात तिने कारवीच्या काठ्या नव्याने बांधून भिंती शेणामातीने लिंपल्या होत्या. वाडीत अशा घट्ट बांधलेल्या घराला पक्कंच म्हणतात, आणि चार शेजारणींच्या देखत आपल्या घराला कच्चं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? हर्षला जवळच्याच कडावची, तिला हे कळत नव्हतं असं नाही. तिचं पेन क्षणभर थांबलंही होतं. पण वर जाऊन बघायचा तिने कंटाळा केला, आणि 'पक्के' या चौकटीत खूण झाली. यादी लागली तेव्हा मोतीबाईचं नाव त्यात नव्हतं. ती विचारायला आली, तर हर्षलाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "मावशी, तुम्हीच तर पक्कं सांगितलंत!"

शेजारच्या मंगळीचं नाव त्या यादीत होतं. तिचं विटांचं घर झालं, वर स्लॅब पडला, दाराला कडी आली. दाणागोटा कडीकुलपात ठेवून ती निर्धास्त रोज कशेळ्याला कामाला जाऊ लागली. त्यामुळे दर हिवाळ्यात बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जाणं थांबलं, म्हणून मुलीची शाळा सुटली नाही. पोर यंदा बारावी झाली आणि नर्स व्हायचं म्हणते.

मोतीबाईच्या घरात तेवढ्याच वर्षांत दोनदा साप निघाला. दुसरा निघाला तो तान्ह्या नातवाच्या झोळीखाली. सून बाळाला उचलून दहिवलीला माहेरी निघून गेली आणि मुलगा जैतू तिच्या मागोमाग गेला. पक्कं घर होईल तेव्हा येऊ, असा त्यांचा निरोप होता. नातू आता चार वर्षांचा झालाय आणि आजी दिसली की आईच्या मागे लपतो. हे सगळं हर्षलाला ठाऊक होतं. कशेळ्याच्या बाजारात मोतीबाई दिसली की ती भाजीवाल्यांच्या आडोशाने अंग चोरून निघून जायची.

आज नव्या यादीसाठी मात्र ती चढण चढून आली होती. नाव यादीत घालायचं आणि गुपचूप उतरून जायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

"भिंती कशाच्या?" तिने मोबाइलवरचा प्रश्न वाचला.

मोतीबाईने तोंड उघडलं, तेवढ्यात अंगणाच्या कडेला बसलेला तिचा नवरा हिरू ओरडला, "हिला नको इचारू, मला इचार! मागं हिच्याच जिभंनं घर गेलं."

मंगळी आणि आणखी दोघी-तिघी आपली कामं सोडून बघायला आल्या होत्या. त्या हसल्या. हे हसणं जुनं होतं, सवयीचं होतं. मोतीबाईही कसंनुसं हसली आणि खाली मान घालून बसली. हर्षलाला स्वतःची शरम वाटली. एवढी, की ठरवलेलं सगळं तिथेच राहिलं.

"मावशी, तुमची चूक नव्हती ती," ती हळूच म्हणाली. "मी तेव्हा वर आलेच नव्हते. घर बघून लिहायचं होतं, मी न बघता लिहिलं. आणि खापर तुमच्यावर फोडलं."

मोतीबाईने मान वर केली. "म्हंजी, मी पक्कं बोलले तरी..."

"तरी बघितलं असतं तर कच्चंच लिहावं लागलं असतं. कुडाचं घर कागदावर कच्चंच असतं."

"मंग ही भिंत?"

"नव्हती पाडायची," हर्षला म्हणाली. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. आणि घर मंजूर व्हायला निदान वर्ष लागणार, हेही तिला माहीत होतं.

मोतीबाईने एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. पण ती उठली, भिंतीच्या जागी उरलेल्या खड्ड्यांपाशी जाऊन आली. मग तिने हर्षलाचं मनगट धरलं आणि तिला हिरूसमोर नेऊन उभं केलं.

"सांग."

मंगळी बघत होती, बाकीच्या बघत होत्या. ही गोष्ट खाली कचेरीत पोचायला संध्याकाळही लागणार नव्हती, आणि हर्षलाचं कंत्राट दर वर्षी नव्याने होत असे.

"मावशी, मी नाव घालते ना यादीत. सगळं नीट करते."

"नाव तर तू घालशीलच. आधी हे सांग."

खाली बघत, ओठांतल्या ओठांत हर्षला कशीबशी बोलली. हिरूला काही कळलं नाही. त्याने कानामागे हात धरून बायकोकडे बघितलं.

"मोठ्यानं बोल गं," मोतीबाई म्हणाली. "सात वर्सं हे मला मोठ्यानंच बोलत व्हते."