धाकट्या आईवरचा घाव

मी हातोडा बोलतोय. खिळे ठोकणारा नव्हे हं, त्या भानगडीत मला कुणी ओढू नका. मी जंगलातला, झाडांवर खूण उमटवणारा हातोडा. आत्ता मला लोखंडी पकडीत आवळून ठेवलंय आणि समोरचा कारागीर ग्राइंडरची वायर जोडतोय. माझा मालक, इथला वनपाल, निवृत्त झाला. तो गेला की त्याच्या हातोड्याचं तोंड घासून सपाट करायचं, म्हणजे मागाहून कुणी चोरून वापरू नये, अशी आमच्यात रीत आहे. तोंड गेलं की माझं बोलणंही संपलं. म्हणून घाईघाईने सांगतो, मध्ये टोकू नका.

लोहाराने मला घडवलं तेव्हा माझ्या तोंडावर एक आकडा आणि एक पान उलटं कोरलं. लाकडावर ते सुलटं उमटतं. एक घाव छातीच्या उंचीवर आणि दुसरा खाली मुळाशी. झाड तोडून नेलं तरी खालची खूण बुंध्यावर राहते, म्हणजे तोड चोरीची नाही हे कळतं. दोन्ही घाव असल्याशिवाय झाडाला करवत लावायची नाही.

तुम्ही म्हणाल, म्हणजे तू जल्लादच की! नाही हो. माझा वनपाल दाटीतली वाकडी, किडकी, बारीक झाडं तेवढी निवडायचा. विरळणी म्हणतात तिला. ती काढली की उरलेल्यांना ऊन मिळतं आणि जंगल धरतं. एकतीस वर्षं मी त्याच्या कमरेला लटकून हे काम केलं, आणि मान ताठ ठेवून केलं.

आमच्या उतारावर तीन म्हातारी झाडं होती. त्यांच्याच बियांवर सगळा उतार उगवायचा. वनपाल त्यांना थोरली, मधली आणि धाकटी आई म्हणायचा. त्यांना मी लागायचंच नाही, हे ठरलेलं.

वनपालाला एकच लेक. तिची आई लवकर गेली, म्हणून ती शहरात मावशीकडे वाढली. चित्रकलेत हुशार. बापानेच तिला फर्निचरचं डिझाइन शिकायला घातलं.

"आमची बारीक लाकडं सरपणात जातात गं," तो म्हणायचा. "त्यांचं काहीतरी देखणं कर. त्यांना गिऱ्हाईक मिळालं, तर मोठ्या झाडांवर कुणाची नजर जाणार नाही."

पोरीने केलंही. बोटभर जाडीच्या पट्ट्या जोडून असं बाक बनवलं, की बाप त्यावर बसेचना. म्हणे, मळेल! प्रदर्शनात लोकांनी वा वा केली, हात फिरवला आणि चहा पिऊन घरी गेले. मागणी एकाचीही आली नाही. दोन वर्षं ती अशीच झुरली. कौतुकाने काय होतं हो?

मग एका मोठ्या ग्रंथालयाने तिचं चित्र निवडलं. वाचनाचं लांबलचक टेबल, वर एकच अखंड फळी, कुठे सांधा नाही. चित्र सुंदरच होतं, खोटं कशाला बोलू? पण तिने आधी टेबल काढलं आणि मग त्या मापाचं झाड शोधायला निघाली. सगळी चूक इथेच झाली. एवढ्या रुंदीची फळी आमच्या उतारावर फक्त तीन ठिकाणी उभी होती.

"बाबा, एकच," ती म्हणाली. "पहिल्यांदाच कुणी मला विचारतंय."

लेकीपुढे बापाचं काय चालणार? हिरव्यागार थोरलीवर त्याने मला मारलं आणि तोड नियमात बसावी म्हणून वहीत लिहिलं, 'वाळलेलं'. वाळलेलं! माझं तोंड चिकाने ओलं झालं होतं, मला विचारा ना. पण हातोड्याला कोण विचारतो? पुढच्या वर्षी दुसरं टेबल, आणि मधली गेली. ग्रंथालयात लोक आता त्या फळ्यांवर कोपरं टेकून पुस्तकं वाचतात.

त्यानंतर उताराचा वरचा भाग उघडा पडला. माती धुपली, रोपं येईनात. वनपाल रोज तिथून जायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मला फार वाईट वाटायचं, कारण बुक्की मारणारा मीच होतो.

गेल्या आठवड्यात, त्याच्या नोकरीचे चार दिवस उरले असताना, लेक आली. ग्रंथालयाला तिसरं टेबल हवं होतं.

"तुमच्यानंतर येणारा मला ओळखणारसुद्धा नाही, बाबा. हे शेवटचं."

त्याने वही काढली, धाकटीपुढे 'वाळलेलं' लिहिलं आणि पान कचेरीत पाठवून दिलं. मग तिला घेऊन उतारावर गेला आणि मला तिच्या हातात दिलं.

"दोनदा मी मारलं," तो म्हणाला. "आता माझ्याच्याने होत नाही. तूच मार."

ती गोंधळली. तिने लाकूड कापलं होतं, रंध्याने तासलं होतं, चमकवलं होतं, पण उभ्या झाडावर हात कधी उगारला नव्हता. मी मनात ओरडत होतो, पोरी, नको! एवढी एकच उरलीय गं! पण माझं मन जड लोखंडाचं, ते कुणाला ऐकू जाणार? तिने मला उचललं आणि छातीच्या उंचीवर पहिला घाव घातला. चांगला खोल बसला.

दुसऱ्यासाठी ती मुळाशी गुडघे टेकून बसली. खालचा हिरवा पाला हाताने बाजूला ओरबाडू लागली.

"किती तण माजलंय इथे!"

"तण नाही ते," बाप म्हणाला. "हिची पिल्लं आहेत. तू ज्या लाकडाची टेबलं करतेस ना, ते लहानपणी असं दिसतं."

तिच्या मुठीत सात-आठ रोपं होती, मुळांसकट. इतकी वर्षं या लाकडात घालवली आणि त्याचं रोप तिला ओळखता आलं नाही! ती रडली, चांगली हमसून रडली, आणि बोटांनी माती उकरून ती रोपं परत लावू लागली. दुसरा घाव तिने घातला नाही. घरी येऊन ग्रंथालयाला कळवलं, अखंड फळी मिळणार नाही, पट्ट्या जोडून टेबल हवं असेल तर करते. त्यांनी काम काढून घेतलं.

पण पहिल्या घावाचं काय? तो पुसता येत नाही. नवा वनपाल सोमवारी येतोय. छातीवर खूण, वहीत 'वाळलेलं'. तो म्हणेल, म्हाताऱ्याचं काम अर्धं राहिलंय, आणि आपल्या हातोड्याने खाली ठोकून मोकळा होईल. त्याला तरी दोष कसा द्यायचा? नोंद रद्द करायची, तर हिरव्या झाडाला वाळलेलं का लिहिलं ते सांगावं लागेल. मग आधीचे दोन बुंधेही तपासतील. एकतीस वर्षांचं नाव मातीत जाईल.

बापलेक दोघंही इथे, माझ्यासमोर उभी आहेत. आल्यापासून एकमेकांशी बोललेली नाहीत. अहो, बोला ना कुणीतरी! मला घासा, वितळवा, माझी खिटी करून दाराला लावा, पण धाकटीला वाचवा. तिच्यावरचा घाव माझा आहे आणि तो कसा झाला हे तुम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नाही!

ग्राइंडर सुरू झाला. त्या आवाजात लेक काहीतरी म्हणाली, ते बापाला ऐकू आलं नाही. तिने कारागिराला हाताने थांबवलं.

"सोमवारी मी कचेरीत जाऊन सांगणार आहे, बाबा. धाकटीचं सांगणार. मग थोरलीचं आणि मधलीचंही सांगावं लागेल. लोक तुम्हाला खोटारडा म्हणतील."

म्हाताऱ्याने माझ्या तोंडावरून एकदा अंगठा फिरवला.

"कचेरी दहाला उघडते," तो म्हणाला. "साडेनवाला निघू."

मग त्याने कारागिराला मान हलवून खूण केली.