फेस जातो कुठे?

मित्रांनो, कपडे धुण्याच्या पावडरीचा डबा उघडलात, तर आत रुतून बसलेला एक निळा, कान असलेला पेला दिसतो ना? तोच मी. एक जुना, कडा झिजलेला मापाचा पेला.

कारखान्यात गरम प्लॅस्टिक साच्यात शिरलं आणि माझा जन्म झाला. साच्यानेच माझ्या पोटात दोन रेघा उमटवल्या. खालची रोजच्या कपड्यांसाठी, वरची चिखलात लोळून आलेल्यांसाठी. मला वाटलं, लोक आता आवर्जून माझ्या पोटात डोकावतील. कुठलं काय!

स्वभावाने मी भारी चौकस. पावडर मळाला असं काय सांगते, की तो निमूटपणे कापड सोडून निघतो? आणि एवढा फेस शेवटी जातो कुठे? मशीनच्या काचेच्या दारातून गरगरणारे कपडे बघत मी हाच विचार करायचो.

आमच्या घरात बाळ जन्मलं आणि बाळाची आत्या मदतीला आली. बाळाला सगळे ठमी म्हणायचे. आत्याचा सगळा जन्म बादलीत कपडे घासण्यात गेलेला. पहिल्याच दिवशी ती मशीनच्या दारापाशी वाकली.

"अगंबाई! फेसच नाही? नुसतं बुचकळून काढतंय की काय मेलं!"

झालं! तिने मशीनची कमी फेसाची पावडर बाजूला सारली आणि बादलीत वापरायची, भरपूर फेसाची आणली. मला शिगोशीग भरलं. वर आणखी एक मूठ टाकून म्हणाली, "ही माझ्या ठमीच्या नावाची!" मशीनचं दार फेसाने पांढरंफटक झालं. आत्या खूश झाली. मी मात्र बुचकळ्यात पडलो, कारण मशीन पाणी घेतं जेमतेम. मग एवढा फेस वाहून नेणार कोण?

हळूहळू टॉवेल ताठ झाले. अंगावरचं पाणी टिपायचं सोडून ते नुसतं इकडचं तिकडे ढकलू लागले. आत्याला वाटलं, मळ राहतोय. तिने पावडर आणखी वाढवली. अहो, रेघ बघा रेघ! पण माझं ऐकतो कोण?

मग ठमीच्या मानेवर आणि पाठीवर लालभडक पुरळ उठलं. पोर रडून रडून अर्धी झाली. मलम लावलं, की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. जागरणाने वैतागलेली तिची आई एका सकाळी बोलून गेली, "ताई, तुम्ही आल्यापासूनच हे सुरू झालंय."

आत्या उठली. आत जाऊन तिने पिशवी भरली. मला फार वाईट वाटलं.

निघण्यापूर्वी ठमीची मान एकदा पुसावी, म्हणून तिने टबात साधं पाणी घेतलं आणि नुकतंच धुऊन वाळलेलं दुपटं त्यात बुडवून पिळलं. पाणी दुधाळ झालं आणि वर फेस तरंगू लागला.

"अगं, लवकर इकडे ये!" आत्या ओरडली. "या पाण्यात मी चिमूटभरसुद्धा काही घातलेलं नाही. मग हा फेस आला कुठून?"

ठमीची आई धावत आली. पाणी बदलून दोघींनी टॉवेल बुडवला, मग झबलं, मग उशीचा अभ्रा. प्रत्येकातून फेस!

"म्हणजे पावडर कपड्यांतून निघतच नव्हती," आई म्हणाली.

"मळाला हाकलायला पाठवली, तर तीच मेली घर करून बसली!" आत्याने कपाळावर हात मारला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. जास्त झालेला फेस कुठेच जात नाही.

मशीनची पावडर पुन्हा बाहेर आली. आत्याने मला उजेडात धरलं, खालच्या रेघेपर्यंत भरलं आणि बोटाने सपाट केलं. आनंदाने मला भरूनच आलं! घरातले सगळे कपडे पुन्हा धुतले आणि जादा पाण्यातून काढले.

"ताई, मी तोडून बोलले. चुकलं माझं. जाऊ नका," आई म्हणाली.

"जाते कशाला?" आत्या नाक ओढत हसली. "पिशवीतले कपडेसुद्धा मशीनमध्ये टाकलेत. ओले घेऊन कुठे जाऊ?"

ठमीचं पुरळ हळूहळू मावळलं. आता ती शाळेत जाते. माझ्या रेघा पुसट झाल्या, तेव्हा आत्याने नेलपॉलिशने खालची रेघ पुन्हा ओढली.

मित्रांनो, तुमच्या घरातला एखादा धुतलेला टॉवेल साध्या पाण्यात बुडवून बघा. फेस आलाच, तर घरातल्या कुणावर रागावण्याआधी माझ्या पोटातली रेघ बघा.