उतेकरांची कौन्सिलची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी चामडी पिशवी आहे. तुमच्या वर्गात फळ्याशेजारच्या खुंटीवर तुम्ही मला रोज पाहता. आता माझ्या पोटात खडू आणि फळा पुसायचं फडकं असतं. पण एके काळी माझ्यात सरकारला विचारायचे प्रश्न असत. ते घेऊन मी मुंबईला जात असे, पावसाळ्यात पुण्याला जात असे. त्या दिवसांची हकिकत आज सांगते.

माझा जन्म १९२४ सालचा, ह्याच गावातला. पोलादपूरच्या पलीकडे सावित्री नदीच्या काठी वसलेल्या आपल्या गावात चांगू नावाचे एक कारागीर वेशीबाहेर राहत. वहाणा, पाणी उपसायच्या मोटा, बैलांचे पट्टे असं सगळं ते शिवत. त्यांनी म्हशीचं कातडं हिरड्याच्या पाण्यात मुरवलं, दुहेरी दोऱ्यानं शिवलं आणि करंजाचं तेल चोळून चोळून मला मऊ केलं. मला शिवून घेणारे होते हैबतराव उतेकर. ते गावचे मोठे शेतकरी. आदल्या हिवाळ्यातच ते मुंबईच्या कौन्सिलात निवडून गेले होते. त्या काळी इलाख्याचे कायदे त्या सभेत होत. हैबतरावांचं शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं. इंग्रजी येत नव्हतं. तरी कागद नेण्यासाठी पिशवी हवीच होती.

मला हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं. म्हणाले, "चांगू, काम झकास झालंय. बोल, काय देऊ?"

चांगू म्हणाले, "दादासायेब, मला काय नको. एक इचारायचं हाय. तुमी तिकडं सरकारला इचारा. माझी शकू शाळेच्या ओसरीवर बसते. मास्तर आतून शिकवतात, ती भायरून ऐकते. पावसाची झड आली की पाटीवरचं सगळं धुऊन जातं. तिला आत कवा घेणार?"

हैबतरावांनी मला खांद्याला अडकवलं. त्या शाळेवरून ते रोज जात. ओसरीवर नऊ वर्षांची पोर अंग चोरून बसलेली त्यांनी पाहिलीही होती. अस्पृश्य मानलेल्या घरातली पोर, ती बाहेरच बसायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते का, हे कधी कुणी त्यांना विचारलं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी चांगूंचा प्रश्न जसाच्या तसा कागदावर उतरवला. माझ्यात ठेवलेला तो पहिला कागद.

दासगावच्या बंदरातून होडीनं बाणकोट, तिथून आगबोटीनं मुंबई. कौन्सिलात सारा कारभार इंग्रजीत चाले. ज्याला इंग्रजी येत नसे त्याला आपल्या भाषेत बोलण्याची मुभा होती. हैबतराव उभे राहिले आणि आपल्या गावाकडच्या मराठीत त्यांनी प्रश्न विचारला. काही सभासद गालातल्या गालात हसले. सरकारकडून उत्तर आलं, "माहिती मागवली आहे."

पुढच्या बैठकीत त्यांनी तोच प्रश्न विचारला. उत्तरही तेच आलं. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी एक वजनदार सभासद म्हणाले, "उतेकर उगाच शीण घेतात. ह्या लोकांना शिक्षण नकोच आहे. हवं असतं तर त्यांनी मागितलं नसतं का? मागणी आहे कुठे?"

हैबतराव परत आले ते रागानं लाल होऊन. दुसऱ्याच दिवशी मला खांद्याला अडकवून ते चांगूंच्या दारात उभे राहिले. "चल. मागणी गोळा करायची आहे."

दोन महिने आम्ही डोंगर तुडवले. कशेडीच्या पायथ्यापासून वरंध्याच्या वाड्यांपर्यंत एकही वस्ती सोडली नाही. ज्यांची मुलं शाळेबाहेर होती, त्यांचे अंगठे कागदावर उठत होते. एका वाडीत राहीबाई नावाच्या म्हातारीनं विचारलं, "माझ्या अंगठ्यानं काय व्हनार रं?"

हैबतराव म्हणाले, "आजी, मी सभेत उभा राहीन तेव्हा एकटा नसेन."

"मग दोनी हातांचं घे," म्हातारी म्हणाली.

१९२५ च्या पावसाळ्यात कौन्सिल पुण्याला भरलं. वरंधा घाटात धो धो पाऊस होता. हैबतराव स्वतः भिजले, पण आपली घोंगडी त्यांनी मला गुंडाळली. सभेत त्यांनी ठराव मांडला की, सरकारी मदतीवर चालणाऱ्या प्रत्येक शाळेत सगळी मुलं एका खोलीत, एका ओळीत बसवावीत. असे हुकूम सरकारनं आधीही काढले होते, पण ते गावापर्यंत पोचतच नव्हते. म्हणून न पाळणाऱ्या शाळेची मदत बंद करावी, असंही ठरावात होतं. पुन्हा तोच सवाल आला, "मागणी कुठे आहे?"

हैबतरावांनी मला मेजावर ठेवलं, माझं तोंड उघडलं आणि कागदांचा गठ्ठा बाहेर काढला.

"अध्यक्षमहाराज, ही घ्या मागणी. हे सहाशे अंगठे आहेत. ह्या माणसांना सही करता येत नाही, कारण ह्यांना आपण शाळेत घेतलं नाही. आता सही नाही म्हणून त्यांचं म्हणणं खरं नाही, असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी ते उभं राहून म्हणावं."

ठराव थोड्या मतांनी का होईना, मंजूर झाला. मित्रांनो, त्या दिवशी मी मनातून फुलून गेले होते. पण हैबतराव मला उचलताना म्हणाले, "कागद झाला. आता गाव राजी व्हायचाय."

गाव राजी होणं सोपं नव्हतं. त्यांचे चुलतभाऊ येसाजी भर पडवीत त्यांच्यावर कडाडले, "हैबती, मतं आमी दिली तुला. मग तू बोलतोस कुनाचं?"

"ज्यांना मतच नाही, त्यांचं कुणी बोलायचं मग?"

ते खरंच होतं. त्या काळी ठरावीक शेतसारा भरणाऱ्यालाच मत असे. चांगूंना मत नव्हतं, राहीबाईंना नव्हतं. पुढच्याच बैठकीत हैबतरावांनी त्यावरही ठराव आणला. ते म्हणाले, "जमीन नसली तरी माणसाला डोकं असतं. ज्याला लिहिता-वाचता येतं, मग तो पुरुष असो की बाई, त्याला मत द्या." बाजूनं मोजकेच हात वर झाले. ठराव पडला.

पुढच्या वर्षी जून महिन्यात शाळा उघडली. हैबतरावांनी आपल्या धाकट्या लेकीला, तुळसाला, एका हाताला धरलं आणि शकूला दुसऱ्या हाताला. दोघींना वर्गात नेऊन शेजारी शेजारी बसवलं. मास्तर घाबरून म्हणाले, "रावसाहेब, बाकीची मुलं उठून जातील."

"जाऊ द्या. दोघी तरी राहतील ना? शिकवा."

पोरं खरोखरच उठून गेली. वर्गात दोनच मुली उरल्या. हैबतराव महिनाभर रोज शाळेच्या दारात घोंगडी टाकून बसले. भाताची लावणी अंगावर आलेली, तरी उठले नाहीत. हळूहळू एक पोरगा आला, मग तीन आले. दसऱ्यापर्यंत वर्ग भरला.

नोव्हेंबरात निवडणूक झाली. हैबतराव सपाटून पडले.

मग मी त्यांच्या घरी खुंटीला लागले. मला बुरशी चढली, उंदरांनी एक कोपरा कुरतडला. पुढच्या वर्षी महाडला चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी हजारो माणसं जमली. चांगूही गेले होते. ते परत आले तेव्हा त्यांची मान नेहमीपेक्षा ताठ होती, हे मला खुंटीवरूनही दिसलं.

वर्षं गेली. शकू मराठी सातवी झाली. एके दुपारी हैबतरावांच्या पत्नी बयाबाई तिला म्हणाल्या, "शकू, ह्यांची मुंबईहून पत्रं यायची. ती मला दुसरी कुनी वाचून दाखवायची. घरातलं सुख-दुःख मी परक्याच्या तोंडून ऐकलं गो. मला शिकवशील?"

दुसऱ्या दिवसापासून जेवणं उरकली की पडवीत बायका जमू लागल्या. पहिल्या दिवशी दोघी, पावसाळ्यानंतर आठ. बयाबाईंनी मला खाली काढलं, पुसलं, आणि माझ्यात त्यांच्या पाट्या राहू लागल्या.

नव्या कायद्याप्रमाणे १९३७ सालची निवडणूक ठरली. लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला आता मत मिळणार होतं. मात्र तसा अर्ज करून कचेरीत वाचून दाखवायला हवं होतं. शकूनं मला खांद्याला अडकवलं. माझ्यात नऊ अर्ज होते, नऊ हातांनी लिहिलेले. बैलगाडीनं आम्ही महाडच्या कचेरीत गेलो. हैबतरावांचे गुडघे धरले होते, म्हणून ते बाहेर गाडीतच बसून राहिले.

कारकून सज्जन होते. अर्ज चाळता चाळता ते बयाबाईंना म्हणाले, "बाई, तुम्हाला वाचून दाखवायची गरज नाही. तुमचे यजमान शेतसारा भरतात, त्यांच्या हक्कानं तुमचं नाव लागेल."

बयाबाईंनी पदर सारखा केला. "नको. माझं नाव माझ्या वाचन्यानं लावा. कागद द्या हिकडं."

त्यांनी सरकारी जाहिरातीचा कागद हातात घेतला आणि बोट ठेवून, अडखळत, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. कचेरीतली माणसं काम थांबवून ऐकत राहिली. त्यानंतर शकूनं वाचलं, मग बाकीच्या सातजणींनी. नऊच्या नऊ नावं यादीत चढली.

बाहेर आल्यावर हैबतरावांनी विचारलं, "लागलं का गो नाव?"

"लागलं," बयाबाई म्हणाल्या. "माझ्या हक्कानं."

म्हातारे हैबतराव गाडीत बसून लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, आज शकूबाई तुमच्या बाई आहेत आणि मी तुमच्या वर्गात आहे. मला जपा, पण नुसतं शोभेला टांगून जपू नका. जे मिळालंय ते कुणीतरी चिकाटीनं मागितलं म्हणून मिळालं, आणि ते वापरात ठेवलं तरच टिकतं. माझी शिवण अजून पक्की आहे. सरकारला विचारण्याजोगा एखादा प्रश्न तुमच्या मनात असेल, तर तो स्वच्छ अक्षरात लिहा आणि माझ्यात टाका. शकूबाई सोमवारी महाडच्या कचेरीत जाणार आहेत.