हात लागायच्या आधी

कुंदनने उन्नतीच्या टेबलावर मूठ आपटली. चहाचा कागदी कप उलटला. मॉनिटरवर राक्षस एका पोराची कॉलर धरायला हात लांबवून तसाच थांबला होता.

"राक्षसाचा हात अजून लागला पण नाही, आणि पोराच्या शर्टाला चुण्या? कपडा ओढल्यावर चुणी पडते. डोकं घरी ठेवून आलीस काय?"

पावणे एमआयडीसीतल्या त्या छोट्या ॲनिमेशन स्टुडिओचा प्रमुख कुंदन ओरडला की खालच्या वर्कशॉपचा आवाजही मागे पडायचा. आज तर त्याचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. संध्याकाळी जासईला जायचं होतं, माहेरी जाऊन बसलेल्या बायकोला, संध्याला आणायला. एकदाच तर हात उचलला आणि केवढा तमाशा, असं तो भेटेल त्याला सांगत होता. सासऱ्यालाही त्याने तेच सांगितलं होतं.

"पोराला माहीत आहे सर, मार बसणार ते," उन्नती म्हणाली. "तो आधीच आक्रसतो."

"आक्रसतो म्हणे! व्हिडिओ काढू. तेजस, उभा राहा."

चित्र अडलं की स्टुडिओतले लोक स्वतःच पात्रं व्हायचे, मोबाइल टेबलावर उभा करून शूट करायचे आणि ते बघून काढायचे. शेजारच्या टेबलावरचा तेजस उभा राहिला. कुंदन धावत गेला आणि त्याने तेजसला कॉलरला धरून भिंतीवर आदळलं. तेजस शेवटपर्यंत हसत होता. व्हिडिओत हात लागेपर्यंत त्याचा शर्ट सपाटच होता.

"बघितलंस?"

"तेजसला कुणी कधी मारलेलं नाही, सर. मला माझ्या बापाने रोज मारलंय. मला पकडा."

आता मात्र कुंदन खराच चिडला. तो अंगावर गेला त्यात ॲक्टिंग नव्हती. उन्नतीची कॉलर त्याच्या मुठीत पिळली गेली, वरचं बटण तुटून लादीवर उडालं आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

"सर! सर, सोडा!" तेजसने त्याला मागे खेचलं.

मग तेजसने व्हिडिओ थोडा थोडा पुढे सरकवला. कुंदनचा हात अजून हवेतच होता. उन्नतीची मान खांद्यात गेली होती आणि कुर्त्यावर गळ्यापासून काखेपर्यंत तिरप्या चुण्या पडल्या होत्या.

 या चुण्या कुंदनच्या ओळखीच्या होत्या. पंख्याचं बटण दाबायला, मिठाची बरणी घ्यायला त्याने हात पुढे केला की संध्याच्या गाऊनवर त्या पडायच्या, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. त्याला स्वतःच्या हाताची किळस आली.

फोन वाजला. जासईहून सासरा, नामा.

"कुंदन, संध्या तयार हाय. बॅग भरून ओटीवर बसलीय. एकदाच झाला ना तो? परत नाय ना होनार?"

उन्नती खाली वाकून बटण शोधत होती. 

"मामा," कुंदन म्हणाला, "एकदाच नव्हतं."

 फोन न ठेवताच नामाने मागे हाक मारली.

"संध्ये, बॅग आत ने गो."