छत्रीवाला उमेदवार

आरोहीची झोप इतकी पातळ आहे की शेजारच्या खोलीत कुणी शिंकलं तरी फाटते. पोटभर दूध पिऊन, ओठाच्या कोपऱ्यात एक थेंब तसाच ठेवून ती दुपारी झोपते, आणि मग तिची पापणी हलली तरी माझा श्वास थांबतो. म्हणून मी टीव्ही आवाज बंद करून बघायला लागले. आधी मालिका बघितल्या. पण आवाज गेला की त्यातल्या बायका नुसत्या डोळे वटारून एकमेकींभोवती फिरतात. तेवढं बघायला टीव्ही कशाला हवा? आमचं घर मोठं आहे.

मग एके दुपारी रिमोट आरोहीच्या हाती लागला. तिनं तो चावला, आणि तिच्या बोळक्या हिरड्यांनी कुठलं बटण दाबलं गेलं कोण जाणे, पडद्यावर एक जपानी सिनेमा सुरू झाला. काळापांढरा. एक बाई चहा ओतत होती. बराच वेळ ओतत होती. मला वाटलं कॅमेरावाला जेवायला गेला असेल. बोलणं खाली इंग्रजीत लिहून येत होतं. माझं बी.ए. केजच्या कॉलेजचं, इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो. पण त्या माणसांनाही बोलायला वेळ लागत होता. आमचं जमलं.

तिथले लोकही चपला दारात काढतात, जमिनीवर बसतात, सासूपुढं सून हळू चालते. फक्त कुणी कुणावर ओरडत नाही. आमच्या घरात चहा मागायचा तरी आवाज चार घरं जातो. दोनतीन सिनेमे झाल्यावर मला कळायला लागलं की जी बाई खिडकीकडं तोंड करून उभी राहते ती रडत असते. हे कळलं त्या दिवशी मीही उगाच खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. रडू काही आलं नाही, पण बरं वाटलं. दिवसभरात तेवढाच वेळ माझा होता. एका हातानं पोरीला थोपटायचं, दुसऱ्या हातात गार झालेला चहा, आणि समोर कुणीतरी सावकाश जगतंय.

तो वेळ गेला तो निवडणुकीपायी.

माझे सासरे विठ्ठलराव. मी त्यांना मामा म्हणते, गाव आबा म्हणतं. मागच्या वेळी ते जिल्हा परिषदेला पडले, आणि ह्या वेळी पुन्हा उभे राहणार होते. का पडले याची कारणं आमच्या दिंद्रुडच्या प्रत्येक हॉटेलात वेगळी होती, पण एक सगळीकडं सारखं होतं, की आबाची मान वाकत नाही. ते खरंच होतं. जीपच्या खिडकीतून एक बोट वर करायचं, हाच त्यांचा नमस्कार. एका दुपारी ते चार्जर शोधत माझ्या खोलीत आले, मागं त्यांचा बंकट. बंकट हा कार्यकर्ता आहे, म्हणजे दुसरं काही करत नाही.

पडद्यावर तेव्हा एक म्हातारा होता. त्यानं शेजाऱ्याकडून छत्री उसनी नेलेली असते, आणि शेजारी गाव सोडून गेलेला असतो. म्हातारा हातात छत्री घेऊन दारोदार पत्ता विचारत फिरतो, आणि प्रत्येक दारात कमरेत वाकतो. मामा उभ्या उभ्या तीन दारं बघत राहिले.

बंकट म्हणाला, "निशाणी छत्री दिसती, आबा."

"अपक्ष हाय," मामा म्हणाले. "पक्षाचा असता तर येकटा फिरला असता व्हय?"

मी पदर सावरला. आमच्या घरात सासऱ्यांच्या बोलण्यात दुरुस्ती करायची पद्धत नाही. ते काम मतदार करतात.

दुसऱ्या दिवसापासून माझी खोली प्रचार कार्यालय झाली. मोठा टीव्ही तिथंच आहे, माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला. दारात चपलांचा ढीग, आत सहासात जण मांडी घालून, आणि पाळण्याच्या दोरीवर कुणाचा तरी गमछा. म्हातारा वाकला की बंकट सिनेमा थांबवायचा, मागं न्यायचा, पुन्हा वाकवायचा. तो बिचारा एकेका दारात आठआठ वेळा वाकला. पुढचं दार येईपर्यंत त्याला कुणी चालूही दिलं नाही. मग त्यावर चर्चा. कुणापुढं किती वाकायचं? सरपंचापुढं कमरेपर्यंत, साध्या मतदारापुढं छातीपर्यंत, आणि ज्यानं मागच्या वेळी दगा दिला त्याच्यापुढं सगळ्यात जास्त, म्हणजे त्याला भीती वाटेल. मेहुण्यापुढं अजिबात नाही, ह्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

मी आरोहीला घेऊन स्वयंपाकघरात गेले. कुकरच्या एका शिट्टीला ती दचकायची, दुसरीला रडायची. तिच्या डोळ्यांखाली बोटभर काळं दिसायला लागलं, माझ्याही. तिच्या पप्पांना, म्हणजे रविराजना, सांगून बघितलं. त्यांचं बियाणांचं दुकान माजलगावला, ते घरी येतात ते उधारीसारखे थकलेले. दोन महिने दम धर म्हणाले, निवडणूक झाली की खोली तुझीच. सात महिन्यांच्या पोरीला दोन महिने म्हणजे किती, हे त्यांना कसं सांगणार? मागच्या दोन महिन्यांत ती बसायला शिकली होती.

चौकात फ्लेक्स लागला. मामांचा वाकलेला फोटो. वाकल्यामुळं तोंड दिसेना, नुसती टोपी दिसत होती. खाली शुभेच्छुक म्हणून बंकटचा चेहरा मात्र ताठ आणि हसरा. माजलगावकडून येणाऱ्या लोकांना वाटलं उमेदवार बंकटच आहे. दोघातिघांनी त्याचं अभिनंदन केलं, आणि त्यानं ते घेतलं.

ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आत सगळी घरं करायची असं ठरलं होतं, कारण एकदा गाड्या गेल्या की निम्मे मतदार कारखान्याच्या फडात. आमच्या मागच्या गल्लीत सत्यभामाबाई राहतात. त्यांचं सगळं घर दरवर्षी उसाला जातं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं अंगण दिसतं, म्हणून हे मी स्वतः बघितलं. मामा त्यांच्या दारात गेले आणि पार कमरेत वाकले. सत्यभामाबाई भाकऱ्या बांधत होत्या. त्याही वाकून जमिनीवर बघायला लागल्या. त्यांची सूनही वाकली.

"काय हरवलं, आबा?"

"काय न्हाई. नमस्कार करायलोय."

सत्यभामाबाई सरळ झाल्या. मामांच्या रिकाम्या हातांकडं बघितलं. "मला वाटलं ताडपत्री आणली. मागच्या सभेला नेलती तुमी. परवा निघायचंय, कोपीवर काय टाकावं?"

मामा हसले, बघू म्हणाले, आणि पुढच्या दारात वाकले. फडातल्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, ताडपत्री नसली तर लेकरांच्या अंगावर रात्रभर दव पडतं. आरोही माझ्या कडेवर होती. तिनं झोपेत माझा गळा धरला, आणि मला एकदम फार राग आला. खोलीचा होता की ताडपत्रीचा, ते तेव्हा कळलं नाही.

त्या दुपारी मामांनीच मला हाक मारली. सगळं गाव करून झालं होतं. आता त्यांना बघायचं होतं की छत्रीवाला निवडून आला का. बंकटला शेवट सापडत नव्हता. इतके दिवस वाकण्याच्या पुढं कुणी गेलंच नव्हतं. मी आरोहीला खांद्यावर टाकून आत गेले आणि शेवट लावला. दारात माझ्या सासूबाई, केसरबाई, पीठ लागल्या हातांनी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

म्हातारा शेवटच्या दारात पोचला. शेजारी वारलेला होता. त्याच्या बायकोनं दार उघडलं, म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी छत्री पुढं केली आणि वाकला. तिनं छत्री घेतली. मग पाऊस आला, आणि तो भिजत परत निघाला. संपलं.

बंकटनं विचारलं, निकाल काय लागला?

मी कुणाकडं न बघता म्हणाले, "मामा, तो उमेदवार न्हाई. उसनी नेलेली छत्री परत द्यायला आलाय."

"बस्स? येवढ्यासाठी येवढा वाकला?" बंकटला हा धक्का सोसेना. त्याची स्वतःची कमर वाकून वाकून आठवडाभर धरलेली होती.

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आत्याबाई दारातूनच बोलल्या, आवाज न चढवता, अगदी त्या सिनेमातल्यासारख्या.

"सत्यभामाची ताडपत्री माळ्यावर हाय."

मामा म्हणाले, बंकट नेऊन देईल.

"मतं बंकटला मागायचीत का? तुमी जावा."

ताडपत्री जड होती, वर तिच्यात माळ्यावरची धूळ. खांद्यावर घेतल्यावर मामा आपोआप वाकले, कुणी शिकवल्यापेक्षा बरेच चांगले. बंकट मोबाईल काढून फोटोसाठी मागं पळाला, बंकटमागं बाकीचे. दारातला चपलांचा ढीग बघता बघता निघून गेला. एक गमछा राहिला, त्यानं मी टीव्हीवरचे बोटांचे डाग पुसले.

आत्याबाईंनी हात धुतले, दाराला आतून कडी लावली आणि आरोहीला मांडीवर घेतलं. ती एक जांभई देऊन झोपली. मी रिमोट घेऊन उभीच होते.

"सुरुवातीपासून लाव," त्या म्हणाल्या. "आवाज नको."

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले, खालचं इंग्रजी हळूहळू मराठीत सांगायला लागले. पहिल्या दारात म्हातारा वाकला. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर जरा पुढं ओढला, आणि पोरगी जागी होऊ नये इतपत मान लववून त्याला हात जोडले.