आर्लीननंतर कोण?

सुइणींच्या प्रांतिक संघटनेची वार्षिक सभा यंदा बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या क्लबात, माडीवर भरली होती. अध्यक्ष आर्लीन वीबची मुदत आज संपत होती आणि घटनेप्रमाणे तिला पुन्हा उभं राहता येत नव्हतं. नवा अध्यक्ष मिळाला नाही, तर संघटना विसर्जित करायची, हेही त्याच घटनेत होतं. मग उत्तरेकडचं बाळंतगृह बंद करायला निघालेल्या सरकारशी भांडणार कोण?

आर्लीनला घोर नव्हता. आपल्यामागे अध्यक्ष व्हावी म्हणून तरुण टॅनिस कोझॅकला तिनं पोटच्या पोरीसारखं घडवलं होतं. तिची पत्रं तपासली, तिच्या बैठकांना सोबत गेली, ती अडखळली की पुढचा शब्द पुरवला.

"पोरीला श्वास तरी घेऊ दे गं," उत्तरेहून आलेली बेव्ह म्हणाली. टॅनिसचं तान्हं तिच्या मांडीवर पेंगत होतं.

"मी काय धरून ठेवलंय तिला?"

"धरलं कुठे? पाठुंगळीच बसलीयस!"

टॅनिस बाळंतगृहाविषयी बोलायला उभी राहिली. "मी तिथल्या बायकांना भेटले. मला वाटतं, आपण आजवर..." ती थांबली. शब्द शोधू लागली.

बाळंतिणीच्या उशाशी आर्लीन रात्ररात्र हात मांडीवर ठेवून बसे. कळ थांबली म्हणून घाई करायची नाही, असं नव्या पोरींना बजावत असे. इथं मात्र तिला ती शांतता सोसवेना. टॅनिसची फजिती होईल, या मायेनंच ती उठली.

"टॅनिसला म्हणायचंय की..." आणि ती छान बोलली. टाळ्या पडल्या.

टॅनिस खाली बसली होती.

"हेच ना गं?" आर्लीननं हळूच विचारलं.

"नाही. पण राहू द्या आता."

नावं सुचवायची वेळ आली. बेव्हनं टॅनिसचं नाव घेतलं.

"मला नको," टॅनिस म्हणाली.

"अगं, का? मी आहे ना पाठीशी!"

"तेच तर." टॅनिसचा आवाज चढला नाही. "मंत्र्यांना गेलेलं माझं पत्र मी कौतुकानं नवऱ्याला वाचून दाखवत होते, आर्लीन. वाचता वाचता कळलं, त्यात माझं एकही वाक्य उरलं नव्हतं. वर रिवाजाप्रमाणे माजी अध्यक्ष वर्षभर नव्या अध्यक्षाच्या शेजारी बसणार."

"मी नाही बसणार. शप्पथ."

"तुम्हाला नाही जमायचं ते," टॅनिस म्हणाली, आजाऱ्याला सांगावं तशी, मऊपणे.

आणखी कुणी उभं राहतंय का, असं आर्लीननं नियमाप्रमाणे तीनदा विचारलं. बायका कॉफीच्या कपांत बघत राहिल्या. एकेकीला तिनं कधी ना कधी असंच घडवलं होतं. त्यांच्या खाली घातलेल्या माना बघताना तिला ते पहिल्यांदाच दिसलं.

विसर्जनाचा ठराव तिनंच वाचला. हात वर गेले. बेव्हचा सगळ्यात शेवटी.

खुर्च्या सरकल्या. बेव्हनं तान्हं आईच्या हवाली केलं.

"तिथल्या बायकांना मी आता काय सांगू?" तिनं टॅनिसला विचारलं.

टॅनिसनं बाळाची टोपी नीट केली. "मला खरंच माहीत नाही गं."

आर्लीनपाशी उत्तर होतं, चांगल्या शब्दांत. ती बोलायला पुढे झाली. पण दोघी जिन्याशी पोचल्या होत्या आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.