बाई वाकली की सोंग थांबतं

मंगलाला केरळात जायचं होतं. बस्स. बाकी काही नाही.

लालबागच्या एका हॉलात सुधाकर सर नाटक शिकवायचे. सकाळी केरळची युद्धकला कलारीपयट्टू, दुपारी जपानी नोह नाटकातली चाल. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. पुढच्या शिकवणीला सर एकालाच केरळात नेणार होते. ते आज ठरणार होतं, लोकांसमोर मुखवटा घालून चालल्यावर.

"काहीही झालं तरी थांबायचं नाही," सरांनी बजावलेलं.

मंगला निघाली. अर्धा हॉल मस्त पार झाला. तेवढ्यात बघणाऱ्यांत पुढं बसलेली तिची मालूमावशी उठली. मावशी मंगलाच्या गावाकडची, खकनारकडची. तिकडे गावात देवीचं सोंग निघालं की बाया वाटेत वाकतात, आणि बाई वाकली की सोंग थांबतं, ती उठेपर्यंत. पण सोंग घेणार पुरुषच. मंगलाचा बाप देवराम दरवर्षी घ्यायचा. लहानपणी मंगलानं त्याच्या मुखवट्याला हात लावला तर हीच मावशी फटका द्यायची.

आज तीच मावशी डोक्यावर पदर घेऊन तिच्या पायाशी वाकली.

मंगला थांबली.

"गया केरल!" मागून एक पोरगा ओरडला.

"का थांबलीस?" सरांनी विचारलं.

तिनं मुखवटा वर केला. "बाई वाकली सर. सोंग पुढं कसं जाईल? परत चालले तरी थांबेनच मी."

"थांब ना. पण सोंग कुठं थांबलं? मान हलली, खांदे उडाले. घाबरलेली मंगला थांबली."

झोंबलं तिला. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. तिनं मुखवटा परत चढवला आणि सरळ हॉलच्या टोकाला गेली.

"मावशी, मी आली की परत वाक."

"परत? अवं माय, गुडघे दुखू राहिले ना माझे!"

"वाक गं."

"मंग नीट थांब या टायमाले. तुझा बाप नव्हता असा दचकत."

हॉल हसला. मंगला चालली, थांबली. खांदा उडालाच. परत टोकाला. परत मावशी वाकली, शिव्या देत. परत मान हलली. परत टोकाला. लोक चहाला उठले, काही घरी गेले.

मग एकदा मावशी वाकली आणि शिव्या द्यायला विसरली. मुखवटा तिच्यासमोर थांबला होता. कुठंच काही हललं नाही.

"केरळला हीच येणार," सर हळू आवाजात म्हणाले. "चल मंगला, झालं."

मंगला जागची हलली नाही. मावशी अजून उठली नव्हती.